यादीतलं नववं नाव

नववं नाव उच्चारायचं नाही. का, ते विचारायचं नाही. वॉडलींच्या घरात पोर बोलायला लागलं की आधी हे शिकवत.

ही हकिकत प्रार्थनाघराची घंटा वाजवणारे फिस्क आजोबा अंधार पडल्यावर पोरांना सांगतात. टॅबिथा वॉडलीला ते पाळण्यात असल्यापासून ओळखतात. तेव्हा खोटं म्हणायची सोय नाही.

पंधरा नोव्हेंबर, शनिवार. मॅसॅच्युसेट्समध्ये सूर्य साडेचारच्या आतच बुडाला. जुन्या रीतीने वॉडलींचा रविवार शनिवारच्या सूर्यास्तापासूनच सुरू होतो. त्यांचा मूळपुरुष पाद्री जेबेझ. त्याने लिहिलेली प्रार्थनाघराच्या पहिल्या सभासदांची यादी वर्षातून एकदा, याच संध्याकाळी, प्रार्थनाघरात वाचायची. नववं नाव गाळायचं. शेवटी "सगळे आत आले" म्हणून दाराला अडसर घालायचा. त्या वर्षी वाचायचा मान टॅबिथाचा होता.

"पुढे जाऊन दिवे लाव, शेगडी पेटव," एझ्राकाका म्हणाले. "आणि कॉलेजातलं शहाणपण गाडीतच ठेव."

"गाडीत जागा कुठंय, काका? तुमचे नियम भरलेत."

तिने दिवे लावले, शेगडी पेटवली, यादी उघडली. नववं नाव खोडलेलं होतं, तरी वाचता येत होतं. पेशन्स वॉडली. समासात जेबेझचं अक्षर: 'माझी मुलगी. बहिष्कृत. बाहेर बर्फ. दार लावले.'

टॅबिथाचं डोकं तापलं. तिने यादी मोठ्याने वाचली. आठ नावं. मग नववंही.

बाहेर पायरी वाजली.

"काका?"



दार उघडलं नाही. गारवा मात्र आत आला. मागे, वॉडली घराण्यासाठी राखलेल्या बाकाची फळी करकरली. कोणीतरी बसलं.

तिला वळवेना.

श्वास ऐकू येत होता. तिने आपला रोखून धरला.

तरी येत होता...

काका आणि मार्थाआत्या आले तेव्हा ती तशीच उभी.

"काय गं, भूत पाहिलंस का?" आत्या हसली. मग तिने बाकाकडे पाहिलं.

बाकावर बर्फ होता. माणूस बसल्यावर दबतो तसा दबलेला. त्या वर्षी गावात अजून बर्फ पडला नव्हता.

"यादी पुन्हा वाच, नाव गाळून," काका कुजबुजले. "अडसर घाल. लवकर!"

"म्हणजे तिला पुन्हा बाहेर काढू? पोटच्या पोरीला गारठून मारलं आणि तीनशे वर्षं त्याचा मान मिरवता? मी वाचणार नाही. अडसरही घालू देणार नाही."

काकांनी अडसर उचलला... परत भिंतीला टेकवला. 

शेगडी धडधडत होती. बाकावरचा बर्फ वितळत नव्हता. पेशन्स आतच होती.