दोन वेगळे चेक
"खातं चालवणार कोण?" बँकेतल्या बाईंनी फॉर्मवरून नजर न उचलता विचारलं.

"मीच. वायरिंग मी करते, पैसेही मीच सांभाळीन."

मागे रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. ती गर्रकन वळली. केसांत लाकडाचा भुसा अडकलेला एक उंच तरुण, हातात तोच फॉर्म.

"हसायला काय झालं?"

"तुम्हाला नाही हो हसलो... माझं खातं कोण चालवणार, तेच मला कळत नाहीये! मी सुतार. कारखाना सोडून आठच दिवस झालेत."

तिला हसू आलं, पण तिने ते दाबलं. आज हसायचा दिवस नव्हता. घरी तिला सगळे ठिणगी म्हणत, आणि आज ठिणगी खरोखरच पेटली होती. सहा वर्षं तिच्या कामाचे पैसे दादाच्या खात्यात जात होते. सकाळी नव्या ड्रिल मशीनसाठी पैसे मागितले, तर दादा म्हणाला, "कशाला?" बस्स, त्या एका शब्दावर ती उठून थेट बँकेत आली होती.

बाहेर पडताना सुताराने सांगितलं, एका दातांच्या दवाखान्यात कपाटांचं काम मिळालंय, तिथे वायरिंगलाही माणूस हवाय. "माणूस म्हणजे... तुम्ही," तो गडबडला.

तिथेच दोघांचं जमलं. म्हणजे भांडण जमलं.

"माझ्या कपाटाला भोक पाडणार तुम्ही?"

"मग वायर काय हवेतून नेऊ?"

दुसऱ्या दिवशी ती आली, तर भोक तयार. त्याच्या कडा त्याने पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत केल्या होत्या. "तुमची वायर सोलवटायला नको," तो तिच्याकडे न बघताच म्हणाला. ती त्या कडेवरून उगाच बोट फिरवत राहिली... त्या दुपारी डबा खाताना तिने त्याला दादाचं आणि आपल्या 'ठिणगी' या नावाचं सगळं सांगून टाकलं.

काम संपलं आणि डॉक्टरांनी चेक दिला. दोघांचा मिळून एक, सुताराच्या नावाचा. "आपापसात बघून घ्या," म्हणाले.

"संध्याकाळपर्यंत तुमच्या खात्यात टाकतो," सुतार सहज बोलून गेला.

तिचा चेहरा उतरला. "म्हणजे पुन्हा कुणाच्या तरी खात्यातून फिरून मला मिळणार. दादाच्या जागी तू, एवढाच फरक!"

पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं तिने, तेही रागात.

"माझ्या मनात वाईट नव्हतं."

"दादाच्याही नव्हतं."

तो चेक उचलून सरळ डॉक्टरांच्या खोलीत शिरला. ती मागोमाग.

"डॉक्टर, बिलं दोन आहेत. चेकही दोन लागतील."

"मग पुढच्या महिन्यात या. आमचे हिशेबनीस महिन्यातून एकदाच येतात."

"येऊ," सुतार म्हणाला आणि चेक टेबलावर ठेवून बाहेर आला.

"वेडा आहेस का?" ती जिन्यातच थांबली. "वखारवाल्याला शनिवारी लाकडाचे पैसे द्यायचेत ना तुला?"

"शिव्या घालेल. खाईन." तो हसला. "पण तू म्हणतेस ते बरोबर आहे, ठिणगे."

चोवीस दिवस त्याने वखारवाल्याच्या शिव्या खाल्ल्या. पंचविसाव्या दिवशी दोन चेक मिळाले. तिच्या चेकवर तिचं पूर्ण नाव. बँकेत पैसे जमा झाले त्या दुपारी तो पायऱ्यांवर तिची वाट बघत होता.

"मला एक बोलायचं होतं... म्हणजे, तू चिडणार नसशील तर—"

"चिडेनही. आधी चल."

तिने त्याचा हात धरला आणि भर रस्त्यातून त्याला घरी नेलं. दादा दारातच उभा होता.

"आले पैसे? किती?"

"आले. माझ्या खात्यात आहेत. घरखर्चाचा माझा वाटा दर महिन्याला देईन. बाकीचं मी बघेन." तिने श्वास घेतला. "आणि हा सुतार. मी याच्याशी लग्न करणार आहे."

दादा बघतच राहिला. मग सुताराकडे वळला. "काय रे, खरं का?"

सुतार कानापर्यंत लाल झाला होता.

"हो... म्हणजे, आज विचारणारच होतो. पण हिने उत्तर आधीच दिलं!"

आतून आईचं हसू ऐकू आलं. दादाने दोघांकडे एकदा पाहिलं आणि तो दारातून बाजूला झाला. ठिणगीने हात काही सोडला नाही.