लेखिकेने मागे घेतले

दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना दुपारी बंद असायचा. मागच्या खोलीत, कवळ्यांच्या साच्यांना लागून, त्यांचा एक कॉम्प्युटर मात्र अखंड चालू असे. हौशी मंडळींनी जगभर उभारलेल्या चर्चेच्या जाळ्यातलं ते एक ठाणं. इथे कुणी काही लिहिलं की ते शेजारच्या ठाण्याला जायचं, तिथून पुढच्याला, आणि असं करत सगळीकडे पोचायचं.

"पण भावोजी, या सगळ्यावर साहेब कोण?" मेहुणीने एकदा विचारलं होतं.

"कुणी नाही," डॉक्टर खुशीत म्हणाले होते. "लिहिलेलं मागे घ्यायचं, तर ज्याने लिहिलं त्यानेच, आपला परवलीचा शब्द घालून. दुसऱ्या कुणाची टाप नाही."

म्हणून तर बायको गेल्यावरही ते निर्धास्त होते. या जाळ्यावरच्या कुंडीतल्या झाडांच्या चर्चागटात तिने वर्षानुवर्षं लिहिलं होतं, खोचक आणि मायेनं. रोज तिचा एखादा लेख उघडायचा आणि जेवायला बसायचं. तिचा आवाज आता तेवढाच उरला होता.

एका दुपारी तिचा शेवटचा लेख दिसेना. जागेवर एक ओळ होती: लेखिकेने मागे घेतले.

दुसऱ्या दिवशी त्याच्या आधीचा गेला. डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. परवलीचा शब्द तिने त्यांनाही कधी सांगितला नव्हता. त्यांनी उरलेल्या लेखांची कागदावर नक्कल काढून कपाटात ठेवली. तीही रोज एकेका लेखाने कमी होऊ लागली.

त्यांनी शेजारच्या ठाणेवाल्याला फोन लावला.

"मागे घ्यायचा हुकूम आमच्याकडे पलीकडून आला," तो म्हणाला. पलीकडचाही तेच म्हणाला.

"मग वर तक्रार करतो."

"वर कुठे, डॉक्टर?" पलीकडचा म्हणाला. "आम्हीही कधीपासून शोधतोय."

शेवटी तिचा अगदी पहिला लेख तेवढा राहिला. 'नेचा सुकत चाललाय. नवरा म्हणतो, टाकून दे. मी नाही टाकणार.'

डॉक्टरांना रडू आलं. कुणाला लिहायचं ते ठाऊक नसताना त्यांनी गटात लिहिलं, "जो कुणी असेल त्याला हात जोडून सांगतो. एवढा एक राहू द्या. बदल्यात काय हवं ते घ्या."

दुसऱ्या दुपारी त्यांनी जीव मुठीत धरून गट उघडला.

नेचा होता.

त्यांच्या जिवात जीव आला. सगळं ठाऊक असलेल्या मेहुणीला त्यांनी फोन केला.

"राहिला का हो, भावोजी?"

"राहिला."

बोलता बोलताच त्यांनी आपलं कालचं लिखाण शोधलं. ते नव्हतं. जागेवर एक ओळ होती: लेखकाने मागे घेतले.

"काय झालं, भावोजी?"

"काही नाही गं," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचं त्याच्या आधीचं लिखाणही गेलं.