सांडशील हं

सात नंबरच्या बुजगावण्याला पिवळा फ्रॉक घातलेला होता आणि काल दुपारी ‘श्येन’ गाडी नेमकी त्याच्याच अंगावर गेली होती.

संहिता नेवगीने पडद्यावर ती चार सेकंदं अकराव्यांदा पाहिली. साताऱ्याच्या पूर्वेला, उघड्या माळावर, कंपनीचा चाचणीमार्ग होता. वळणावळणावर बुजगावणी उभी केलेली असत. त्यांचे कपडे कर्मचारीच घरून आणत, विटलेले, आखूड झालेले. हा फ्रॉक संहितानेच गेल्या आठवड्यात आणून दिला होता, लेकीचा, निहूचा. निहू आता साडेचार वर्षांची झाली होती, फ्रॉक गुडघ्याच्या वर जायला लागला होता. त्याच्याच कापडाचा दुसरा, मोठ्या मापाचा, आज निहू बालवाडीत घालून गेली होती.

“मुजावरांनी या वळणावरून बाराशे फेऱ्या मारल्या,” मुख्य रचनाकार विश्राम काळसेकर तिच्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले. “गाडी केसभर ढळली नाही. तू चार फेऱ्या मारल्यास आणि बुजगावण्याचा भुगा. सांग, दोष गाडीचा की चालवणारीचा?”

“दोघींच्या मधला आहे, सर.”

काळसेकर हसले. श्येन म्हणजे त्यांचा जीव. कर्बतंतूंचं कवच, चार चाकांना चार स्वतंत्र मोटारी, वेग वाढला की पिसाऱ्यासारखी उघडणारी शेपटीची झडप. पण खरी करामत आसनात होती. सुकाणूचाक आणि टायर यांच्यामध्ये दांडाच नव्हता. माणूस हात वळवतो त्याच्या पाव सेकंद आधी त्याच्या पाठीच्या, खांद्याच्या स्नायूंत बारीकसा ताण येतो. आसनातले हजार संवेदक तो ताण वाचत आणि हात हलायच्या आधीच गाडी वळू लागे. काळसेकरांनी त्याला नाव दिलं होतं पूर्वकर्म प्रणाली. गिऱ्हाइकं म्हणत, ही गाडी नव्हेच, अंगात घातलेला सदरा आहे.

“सर, शरीराला ‘नको’ एका दमात म्हणता येत नाही,” संहिता म्हणाली. “तिकडे जायचं नाही असं ठरवायला आधी तिकडे जाण्याची जुळवाजुळव होते. मग मागून आवर येतो. कड्यावर उभं राहिलं की पोटऱ्यांत कसं होतं, तसंच. तो आवर यायला पाव सेकंद लागतो. हात हलत नाही म्हणून आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पण गाडी आवराची वाट बघत नाही ना. आपण तिला तसंच घडवलंय.”

काळसेकरांचं हसू जागच्या जागी राहिलं. “म्हणजे ज्याची भीती...”

“ज्याची भीती, तिकडेच गाडी. मी तो फ्रॉक बघितला आणि वाटलं, निहूच उभी आहे. बस, तेवढंच.”

“आणि मुजावर?”

“त्यांच्या मनात तसलं काही येतच नाही.”

इक्बाल मुजावर खाली अंगणातच होते. कंपनीचे सगळ्यात जुने चाचणीचालक. श्येनच्या दारावरची न दिसणारी धूळ खांद्यावरच्या पंच्याने पुसत होते. तीस वर्षांत आपल्या हातून गाडीला ओरखडा पडला नाही, हे ते जेवताना, चहा पिताना, कुणी न विचारताही सांगत.

बालवाडीची व्हॅन आज बंद पडली होती. मुजावरमामांनी आपणहून विचारलं होतं, “ताई, आणू का पोरीला? या गाडीला बी जरा मोकळा रस्ता मिळंल.” संहिता तासभर घुटमळली होती. आता मात्र तिने हिशेब मांडला तर या गाडीत जगातला सगळ्यात निर्धास्त माणूस तोच होता. ती खाली गेली.

“मामा, सावकाश जा. पट्टा नीट लावा तिला. खिडकीतून हात बाहेर काढते ती. आणि उतारावर—”

“ताई, बालवाडीत चाललोय, चंद्रावर न्हाई.”

गाडी आवाज न करता फाटकाबाहेर पडली.

संहिता वर आली तेव्हा काळसेकर भिंतीवरच्या नकाशापुढे उभे होते. विकलेल्या चाळीस श्येन म्हणजे चाळीस हिरवे ठिपके. एकेचाळिसावा मुजावरांचा. गिऱ्हाइकं सगळी वेगाची शौकीन, घाबरणं माहीत नसलेली. म्हणूनच आजवर काही झालं नव्हतं.

“प्रणाली इथून बंद करता येईल?” तिने विचारलं.

“चालत्या गाडीची बंद केली तर सुकाणूच जाईल. नवी आज्ञावली तपासायला नऊ दिवस.” त्यांनी कपाळ चोळलं. “गाडीच्या आवाजातून सगळ्यांना एकच निरोप पाठवू. ‘गाडी बाजूला घ्या.’ संपलं.”

“कुणी ऐकणार नाही, सर. कारण सांगितल्याशिवाय माणसं ऐकत नाहीत. आज यांच्यातल्या कुणाची बायको बसेल चाकावर, कुणाचे वडील. त्यांना नीट समजायला हवं.”

“लहान निरोप बरा, संहिता.”

“तुमच्या घरी लहान मूल नाही,” ती म्हणून गेली आणि लगेच ओशाळली. पण काळसेकर बाजूला सरले आणि निरोप तिनेच लिहिला. काळजीने, एकेक शब्द तोलून: ‘सावधान. समोर माणूस दिसल्यास गाडी त्याच्या अंगावर जाऊ शकते. विशेषतः लहान मुलांना सांभाळा. गाडी बाजूला घेऊन उभी करा.’

तिने कळ दाबली. ठिपक्यांभोवती एकेक पांढरं कडं उमटू लागलं. कडं उमटलं की समजायचं, निरोप ऐकला गेला.

तिने ओढणी सारखी केली तेव्हा बाहीवरचा डाग दिसला. सकाळचा, दुधाचा. निहू पेला दोन्ही हातांत धरून छान येत होती, अगदी छान. आणि आपण स्वयंपाकघरातून ओरडलो, सांडशील हं! त्याच क्षणी पेला कलंडला. रोज कलंडतो. पडशील हं, की पडते. आपटशील हं, की आपटते.

भित्र्यांना सावध करायला निघालेली ती न भिणाऱ्यांच्या मनात भीती घालून बसली होती. चाळीस जणांच्या. आणि एकेचाळिसाव्या ठिपक्याभोवतीही कडं उमटलं होतं. तो ठिपका बालवाडीच्या उतारावर होता.

तिने गाडीला फोन लावला.

“ताई, ही गाडी काय बोलली हो आत्ता?” मामांचा आवाज कधी नव्हे तो चिरकला होता. “फाटक आलं. पोरगी भाइर उभी हाय, पिवळ्या फ्रॉकात. ब्रेक दाबलाय म्या, खडीवर घसरतीय... आन् तोंड तिकडंच वळतंय! ताई, म्या वळवत न्हाई, आईशप्पत म्या—”

निहूकडे बघू नका. हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले आणि तिने ते दातांखाली धरले. बघू नका म्हणजे बघाच. तिला असं वाक्य हवं होतं ज्यात निहू नाही. मामांना जगात दुसऱ्या कशाची धास्ती वाटते?

“मामा!” ती किंचाळली. “डावीकडची भिंत! ओरखडा पडेल!”

पाव सेकंद. मग दगडावर काहीतरी लांबलचक फरफटल्याचा आवाज, काच, आणि शांतता.

“मामा?”

काळसेकरांनी तिच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. मग दार उघडल्यासारखं वाजलं, कण्हणं ऐकू आलं आणि अगदी जवळून एक नाराज आवाज आला.

“आई, मामांनी गाडी सांडली.”

संहिताने कपाळ टेबलावर टेकलं. रडू येत होतं का हसू, तिला कळेना. पलीकडून मुजावर पुटपुटत होते, “तीस वर्सं, ताई... तीस वर्सं...” ते जिवंत होते.

“संहिता,” काळसेकर हलकेच म्हणाले. “वर बघ.”

नकाशावर विकलेल्या चाळिसांपैकी तेवीस ठिपके थांबले होते. त्यातले काही रस्त्याच्या कडेला. काही रस्त्यावर नव्हतेच. एक नदीच्या निळ्या रेषेत होता. उरलेले सतरा अजून चालत होते, प्रत्येकाभोवती पांढरं कडं, शाळा सुटायच्या वेळेला.

“त्यांना काहीतरी सांग. लवकर. तुला जमलं ना आत्ता?”

संहिताने ध्वनिग्राहक जवळ ओढला. सतरा माणसं, सतरा नावं, विक्रीच्या कागदावरच्या सह्या. मुजावरमामा तिला जन्माचे ठाऊक होते. या सतरा जणांना मुलापेक्षाही आधी कशाची धास्ती वाटते, हे तिला कुठून माहीत असणार?

“थांबा” म्हणावं, तर ते विचारणार, का?

आणि का, ते तिने त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.