गुणगुणता खांब

सूर्यमाळच्या चढावर तारेचा खांब आडवा झाला आणि जव्हार संस्थानातून मुंबईला तार जाईना. दिवस महायुद्धाचे. शत्रू समुद्राखालच्या तारा कापतो, अशा बातम्या रोज कानावर येत. फौजदार दिघ्यांनी दुपारच्या आत पाड्यावरच्या ढवळूला संशयावरून मुसक्या बांधून आणलं. आता त्याचं काळं पाणी तेवढं बाकी होतं.

संस्थानानं बोलावलेले मुंबईचे खासगी गुप्तहेर पाठारे मात्र उकिडवे बसून तुटकी तार निरखत होते. तरुणपणी त्यांनी समुद्री तारा दुरुस्त करणाऱ्या जहाजावर नोकरी केली होती.

"टोक ओढून बारीक झालंय," ते म्हणाले.

"अहो, हे कुऱ्हाडीचे घाव बघा की!" दिघ्यांनी सागाच्या खांबावरच्या समांतर चिरा दाखवल्या. बुंध्याचे दगड उलथून पडले होते. शेजारचं वारूळही कुणी उकरलं होतं.

तारेच्या खांबांचा राखणदार भिका पुढे झाला. "साहेब, हा रोज खांबाला कान लावून बसं."

"का रे, ढवळू?" पाठाऱ्यांनी विचारलं.

"वारा सुटला का खांब गुणगुणं. मना वाटलं, आत पोळं हाय. मी मध काढतो ना."

"मग पाडला कुणी?"

ढवळूनं दिघ्यांच्या खांद्यावरच्या बंदुकीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्याची बायको तुळशी रडायला लागली. "सांग ना रं! तू गेलास तं मी कोणाच्या तोंडाकडं बघू?"

ढवळूनं तिच्याकडेही पाहिलं नाही.

"चोराच्या मनात चांदणं," दिघे पुटपुटले.

"चोर कसला?" पाठारे उठले. "तार ताणून तुटलीय, म्हणजे आधी खांब पडला. कुऱ्हाडीला पातं एक, इथे पाच-पाच चिरा सारख्या अंतरावर. माणूस खांब तोडेल. दगड कशाला उपसेल? आणि वारूळ उकरून वाळवी कोण खातं? अस्वल! ढवळूसारखंच तेही गुणगुणण्याला फसलं. समुद्रातही हेच, फौजदारसाहेब. नांगर अडकतो, मासा चावतो, आणि आपण शत्रू शोधत बसतो."

दिघे ओशाळले. "मग हा गाढव बोलला का नाही?"

"तुमची बंदूक पाहून."

ढवळू हळूच म्हणाला, "पाठीवर दोन पोरं व्हती त्या अस्वलीच्या, साहेब."

दिघ्यांना शिकारीचा भारी शौक. पण या माणसाकडे पाहून त्यांनी खांद्यावरची बंदूक उतरवून भिकाकडे दिली. त्यांनी स्वतःच्या हातानं दोर सोडला.

"संस्थानाला कळवतो, खांब वाऱ्यानं पडला," ते खाकरून म्हणाले. "काय, पाठारे?"

"वाऱ्यानंच."

भिकानं घाईघाईनं मान हलवली. "लय वारं व्हतं, साहेब!"