कोरी काच

या, बसा. त्या खोलीत नव्यानं कामाला लागताय, तर एक गोष्ट ऐकूनच आत जा. मी शिकलेला नाही. तिथल्या काचा धुण्यातच हयात गेली.

तुमच्याआधी तिथं एक मॅडम होत्या. मला काका म्हणायच्या, म्हणून मी आपला 'पोरी'च म्हणायचो. आपल्या अंगात वंशाची मुळाक्षरं असतात म्हणे. त्यांची पांढरी भुकटी ती बिनहवेच्या भांड्यात तापवायची. वाफ नाण्याएवढ्या काचेवर बसायची, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. मग यंत्रात त्यातून जांभळ्यापलीकडचा उजेड सोडायचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. भुकटीनं उजेड गिळला की पडद्यावरच्या रेघेला उंचवटा येतो. पण आधी कोरी काच घालायची. तिची रेघ सपाट हवी.

एके दिवशी कोऱ्या काचेलाच उंचवटा आला.

"काका, बोट लावलंत?"

"आईशप्पथ नाही! चिमट्यानं धरतो. बायको म्हणते, घरी चहाचा कपही तसाच धरता."

बोटाचा ठसा उजेड गिळतो, हे मलाही ठाऊक. तिनं स्वतः काच धुतली, भाजली. पुन्हा उंचवटा, आधीपेक्षा मोठा. जांभळ्या दिव्याखाली धरली, तर अंगठा दिसला. वर नाही, काचेच्या आत. मधोमध जुन्या जखमेची तिरकी चीर.

"माझाच आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या सकाळी दारातल्या हजेरीच्या यंत्रानं तिचा अंगठा घेतला नाही. मी हात धरून पाहिलं. चीर नाही, रेषा नाही. उकडलेल्या अंड्यासारखा गुळगुळीत.

"फोडू का ती काच?"

"आणि मी फुटले तर, काका?"

तिनं मोजणं थांबवलं, तसे मोठे साहेब तापले. "वर्ष गेलं यात! माझ्यासमोर घाल ती काच. नाहीतर काम दुसऱ्याला देतो."

"पोरी, नको," मी म्हटलं.

"हे काम गेलं तर माझं राहिलं काय?"

तिनंच घातली. साहेबांनी बटण दाबलं. रेघ पडद्याबाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी ती तोंडाला रुमाल बांधून आली. बोलली नाही. काढ म्हणायची माझी छाती झाली नाही.

मी काच दिव्याखाली धरली.

ओठ होते. किंचित उघडे.

आता ती घरीच असते, खिडकीशी. मी गेलो की ओळखते, डोळ्यांनी हसते. काच त्या खोलीतल्या कपाटात आहे, कापसात. साहेब तुम्हाला म्हणतील, एकदा मोजून बघा.

नका मोजू. एवढं ऐका म्हाताऱ्याचं. तिचे डोळे अजून तिच्याकडेच आहेत.