न टाकलेली डहाळी

आणखी एक लाकूड आत सरकवा आणि गप बसा. मधे बोलायचं नाही. सांगतो ते इकडून तिकडून ऐकलेलं नाही, उमाजी वेळीप माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला माणूस. नंदिगड्डा गावाच्या वर रानात त्याचं घर. साल दोन हजार बावीस, कार्तिकातली अमावस्या, बुधवार.

उमाजीची बायको सुनयना तीन महिने अंथरुणाला खिळली होती. बेळगावच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, त्यातच काय ते आलं. पण माणूस हातपाय हलवायचं सोडत नाही. कुणीतरी म्हणालं, कड्यातल्या मठात लामाबाबा गोळ्या देतात. मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीतला हा म्हातारा भिक्षू वीसेक वर्षांपूर्वी आला आणि कड्याच्या पोटातल्या गुहेत राहिला. पुढे शिष्यांनी गुहेच्या तोंडाशी दोन पांढऱ्या खोल्या बांधून दिल्या. त्या अमावस्येला सात वाजता बाबा मौनात बसणार होते. दार लागलं की महिनाभर उघडणार नव्हतं. आणि सुनयनाकडे महिना नव्हता.

काळोखात कडा एकट्याने उतरू नये, म्हणून तिचा धाकटा भाऊ गुणा गोव्याहून निघाला. दुपारी त्याचा फोन आला.

"दाजी, बस घाटात अडकलीया. तुम्ही फुडं व्हा. मी मागनं गाठतो."

"वाट गावंल न्हवं?"

"डहाळी टाकत जावा की. ती बघून येतो."

ही रीत तुम्हा मोबाईलवर वाट बघणाऱ्यांना कुठून ठाऊक असणार? रानात दोन वाटा फुटल्या की पुढच्याने नको त्या वाटेवर ओली डहाळी आडवी टाकायची. मागच्याने ती पाहिली की ती वाट बंद. डहाळी नसली तर जी रुंद, ती आपली. मागचा पुढच्यावर जीव सोपवून चालतो, दुसरं काय. मठाच्या वाटेवर असा एकच फाटा आहे. डावीकडची वाट अरुंद, ती मठाची. उजवीकडची चांगली रुंद, पण तीन पावसाळ्यांपूर्वी दरड कोसळून ती पुढे तुटलीय. वळणापलीकडे एकदम दरी.

उमाजी तीनला निघाला आणि साडेचारला फाट्यावर आला. डोक्यात एकच, सात वाजायच्या आत दार गाठायचं. तो न थांबता डावीकडे चढला.

सव्वासहाला अवकाळी सर आली. अर्धा तास नुसती झोडपत होती. उमाजी एका खडकाखाली उभा राहिला, आणि उभं राहिल्यावर त्याला आठवलं. डहाळी टाकली नव्हती.

मागे फिरावं तर दार लागणार. पुढे जावं तर गुणा त्या रुंद वाटेला लागणार. इकडे बायको, तिकडे तिचा पाठचा भाऊ. अशा वेळी काय करावं हे मला अजून सांगता येत नाही, तुम्हीही शहाणपणा शिकवू नका. सर ओसरल्यावर त्याने तोंडाशी हात धरून कुकारा घातला.

"कूऽऽऽ..."

थोड्या वेळाने खालून उत्तर आलं.

"कूऽऽऽ..."

गुणाचाच आवाज. उमाजी ओरडला, "डावीकडनं ये रंऽऽ." पुन्हा तसाच कुकारा आला. उमाजीने सुस्कारा सोडला. खरं सांगू? त्याला बरं वाटून घ्यायचंच होतं.

सातला पाच मिनिटं कमी असताना तो मठाच्या दारात पोचला. लामाबाबांनी सगळं ऐकून घेतलं. आठ-दहा काळपट गोळ्या पिवळ्या फडक्यात बांधल्या, वर गाठीला तांबडा दोरा गुंडाळला. मोडक्या हिंदीत म्हणाले, पहाट व्हायच्या आधी पहिली गोळी पोटात गेली पाहिजे. नाहीतर उपयोग नाही. मग त्यांनी दार लावून घेतलं.

गुणा वर आला नव्हता. उमाजी बसून राहू शकत नव्हता. पुडी खिशात घालून तो उतरायला लागला. निम्म्या वाटेत ओल्या दगडावरून पाय घसरला आणि गुडघा मुरगळला. बॅटरीचा उजेड पिवळा पडत चाललेला. बसत, सरकत, नऊच्या सुमाराला तो फाट्यावर आला. कुकारा घातला.

उत्तर अगदी जवळून आलं.

"गुणा?"

"व्हय, दाजी."

उमाजीला रडूच आलं. "लेका, वर का आला न्हाईस?"

...

"बोल की रं."

"वाट... न्हाई गावली."

उमाजी मान खाली घालून म्हणाला, "माझी चूक झाली. डहाळी ऱ्हायली."

रान गप्प. पानावरून थेंबसुद्धा गळेना.

"माझा गुडघा गेलाय, गुणा. मला घरला पोचायला पहाट हुईल."

"पुडी द्या. मी फुडं जातो. आक्का वाट बघत आसंल."

उमाजीने पुडी पुढे केली. हात आला. पण तो वाटेवरून आला नाही. उजवीकडून आला. खालून. जिथे उभं राहायला जागाच नाही, तिथून. बोटांनी पुडी घेतली. उमाजीने बॅटरी वळवली...

कुणी नव्हतं. पावलं वाजली नाहीत. पाला हलला नाही. उमाजी स्वतःशीच म्हणाला, पोराचे पाय तरणे आहेत. गेला असेल. तो तेच म्हणत खुरडत राहिला.

घरी पोचला तेव्हा तीन वाजले होते. सुनयना जागी होती.

"गुणा आला न्हाई?" तिने विचारलं.

उमाजी उंबऱ्यातच बसला. त्याला तेव्हा कळलं. ती दाराकडे बघत राहिली. पहाट फुटायच्या आत तिचं बघणं थांबलं.

उजाडल्यावर गावातला म्हादू आणि मी, आणखी चौघे, दोर घेऊन गेलो. गुणा तुटलेल्या वाटेखाली सापडला. अंगावरचे कपडे ओलेचिंब. त्याला उचललं तर खालची माती कोरडी ठणठणीत, पाचोळा कुरकुरत होता. म्हणजे सर येण्याआधीच तो पडला होता. उमाजीने पहिला कुकारा घातला त्याच्याही आधी.

त्याची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. म्हादूने एकेक बोट सोडवलं.

आत पिवळ्या फडक्याची पुडी होती. तांबड्या दोऱ्याची गाठ तशीच. पावसाचा एक थेंबही तिला लागलेला नव्हता.