उकडलेल्या वाटाण्यांचा थर्मास

जिन्याच्या वळणावर मी त्यांच्यावर आदळले आणि माझ्या हातातला थर्मास खळ्ळकन फुटला.

"अरे... लागलं का?" खेळाचे सर होते. गळ्यात शिट्टी, खांद्यावर टॉवेल.

"मला नाही हो, माझ्या नोकरीला लागलं!" मी रडायच्या बेतात होते. परवा मोठ्या बाई वर्गात बसून माझा विज्ञानाचा पाठ बघणार होत्या. मला शाळेत कायम करायचं की महिनाअखेरीस नारळ द्यायचा, ते त्यावरच ठरणार होतं.

पाठ पेशींच्या श्वसनाचा. एका थर्मासात मोड आलेले वाटाणे, दुसऱ्यात उकडलेले, दोन्हींत थर्मामीटर. जिवंत वाटाणे अन्नातून ऊर्जा मोकळी करतात, म्हणून तापतात. मेलेले गारच राहतात. आणि आता दुसरा थर्मासच उरला नव्हता.

सरांनी आपला चहाचा थर्मास पुढे केला. "उकडलेले यात घाला. या थर्मासच्या मालकाच्या मनासारखेच ते... उकडून गार झालेले."

मी खाली बघितलं. कान मात्र तापले.

दोन दिवस मला घास गिळवेना. आई करवादली, "पेशींना अन्न लागतं म्हणून पोरांना शिकवतेस, आणि तुझ्या पेशींनी काय उपास धरलाय?" मधल्या सुट्टीत सर प्रयोगशाळेत डोकावायचे. "थर्मासची चौकशी करायला आलो." थर्मासकडे एकदाही न बघता...

पाठाच्या दिवशी मोठ्या बाई शेवटच्या बाकावर बसल्या. खिडकीबाहेर, मैदान सोडून, सर उभे. मी थर्मामीटर वाचले, मग पुन्हा एकदा वाचले. मोड आलेले गरम. उकडलेलेही — गरम!

खोटा आकडा सांगावा? मोठ्या बाईंना तिथून दिसलं नसतं. आकडा अगदी जिभेवर आला... पण पहिल्या बाकावरची मुलगी मान लांब करून बघतच होती.

"बाई, मेलेले कसे काय तापले?"

मी थर्मासच्या तोंडाचा कापसाचा बोळा काढला. असा भपकारा आला की अख्ख्या वर्गानं नाकं दाबली. तेव्हा आठवलं, उकडलेले वाटाणे जंतुनाशकानं धुवायचेच राहिले होते!

"चूक माझी," मी म्हणाले. "वाटाणे मेलेलेच आहेत. पण त्यांच्यावर जंतू वाढलेत, ते जिवंत आहेत. वाटाण्यातलं अन्न ते फोडतात, त्यातून ऊर्जा सुटते. थोडी त्यांना जगायला लागते, बाकीची उष्णता होऊन निसटते. ही ऊब त्यांची."

मोठ्या बाई उठल्या.

"आधी खिडक्या उघडा," नाकाला रुमाल लावून त्या म्हणाल्या. "मग ऑफिसात या. कायम करायच्या कागदावर तुमचीही सही लागेल."

तास संपल्यावर मी बाहेर आणलेला थर्मास सर हुंगत होते. "म्हणजे उकडलेलं मनही पुन्हा तापतं तर!"

"सडतं म्हणून तापतं ते!" किती दिवसांनी हसले मी. "नवा थर्मास घेऊन देते तुम्हाला."

"नको." ते शिट्टी बोटांत फिरवू लागले. एरवी मैदान दणाणून सोडणारा आवाज आता जेमतेम ऐकू येत होता. "दोघं मिळून घेऊ... दोघांच्या चहाचा. कायमचा. चालेल?"

मी त्यांच्याकडे बघितलं — या वेळी खाली नाही.

"चालेल. पण आधी कुठंतरी खायला चला... मला कडकडून भूक लागलीय."